टिटवीची जागा आणि माळढोकाची वाट

मित्रांनो, तो झेंडूचा हार आधी काढा. मी एक जुना लोखंडी नांगर आहे. मला गळा नाही, पण लाज आहे.

जळोचीच्या या बंगल्यापुढे सिमेंटच्या चौथऱ्यावर मला उभे केले आहे. दर दसऱ्याला बंगल्याचे मालक मोहनराव मला लाल रंग देतात, फाळाला चंदेरी रंग फासतात आणि हार घालतात. शाळांच्या सहली आल्या की ते मुलांना सांगतात, ‘या नांगराने आमच्या पणजोबांनी माळ फोडला आणि सोने पिकवले.’ मुले टाळ्या वाजवतात. त्या वेळी धरणी दुभंगावी आणि तिने मला पोटात घ्यावे असे वाटते. पण धरणी दुभंगवायचे काम आयुष्यभर मीच केले, म्हणून तीही माझे ऐकत नसावी.

तुम्ही चांगली मुले दिसता. मघाशी माझ्या पायाशी खडीमध्ये तुम्हाला टिटवीची चार अंडी दिसली. कोणाचा पाय पडू नये म्हणून तुम्ही भोवती दगड मांडले आणि तुमच्या बाईंनी तुम्हाला शाबासकी दिली. ते दगड पाहून मला गप्प बसवेना. ऐका तर.

माझा जन्म भट्टीत झाला. लाल रसासारखे वितळलेले लोखंड साच्यात ओतले गेले आणि माझे अंग तयार झाले. एकोणीसशे तीस-बत्तीसचा सुमार असावा; नांगराला पंचांग कळत नाही. आगगाडीने मी दौंडला आलो आणि तिथून छोट्या गाडीत बसून बारामतीला. स्टेशनावर मला न्यायला गेणबा आला होता. गेणबा म्हणजे मोहनरावांचे पणजोबा. त्या वेळी तो तिशीचा होता, आणि मला पाहून तो नवरदेवासारखा लाजला.

त्याला कारण होते. नीरेच्या कालव्याला नवी चारी निघणार होती आणि तिचे पाणी गेणबाच्या माळापर्यंत येणार होते. पाणी आले की ऊस आला. पण लाकडी नांगराला तो माळ दाद देत नव्हता. हराळी आणि कुंद्याच्या मुळ्या हात हात खोल गेलेल्या. तिथे माझ्यासारखाच हवा होता. गेणबाच्या बायकोने, कुशाबाईने, माझ्या फाळाला हळदकुंकू लावले आणि नारळ फोडला. आसपासची माणसे बोट लावून बघत. ‘हत्ती हाय हत्ती,’ असे म्हणत. मी फुगून गेलो. स्तुतीला लोखंडही भुलते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

माळ म्हणजे नुसती रिकामी जागा, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. कमरेएवढे कुसळी गवत, मधूनमधून बोरीची झुडपे, खाली तांबडा मुरूम. पण तिथे बरेच कोणी राहत होते. त्यातल्या दोन पक्ष्यांची गोष्ट मी सांगणार आहे. दोघेही झाडावर घरटे बांधत नाहीत. दोघेही उघड्या जमिनीवर अंडी घालतात. साम्य इथेच संपते.

टिटवी तुम्ही पाहिलीच आहे. लांब पिवळे पाय, डोळ्यापुढे लाल कातडे, आणि तोंड तर विचारू नका. माणूस दिसला की ती सारे रान डोक्यावर घेते. आभाळ पडले तर पेलता यावे म्हणून ती पाय वर करून झोपते, असे लोक चेष्टेने म्हणतात. ती खडीत, ढेकळांत, बांधावर, कुठेही चार अंडी घालते. ती फुटली तर काही दिवसांनी पुन्हा घालते. तिची अंडी उंचवट्यावर दिसली की पाऊसपाणी भरपूर, खोलगटात दिसली की पाऊस ओढ देणार, असा शेतकऱ्यांचा आडाखा. शिवाय ज्याच्या नांगराखाली टिटवीची अंडी फुटतील त्याच्या शिवारावरून पाऊस वाकडी वाट करून जातो, असा आमच्याकडे पक्का समज होता. म्हणून अंडी दिसली की नांगर उचलायचा, खाटेएवढी जागा तशीच सोडायची, भोवती दगड मांडायचे आणि पुढे जायचे. ही जुनी रीत होती.

माळढोक मात्र तुम्ही पाहिलेला नाही. उंचीला तुमच्या छातीपर्यंत येईल एवढा तो पक्षी. नराची मान पांढरी आणि डोक्यावर काळी टोपी. मादी जरा लहान आणि मातकट. पावसाळ्याच्या सुमाराला नर गळा फुगवून असा घुमतो की कोणी रिकाम्या घागरीत तोंड घालून आवाज काढतो आहे. टोळ, भुंगेरे, बोरे, सरडे खात तो माळभर चालत असतो. शेतकऱ्याचे तो भलेच करतो. पण मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते. त्यावर बसली की ती ओरडत नाही, मान जमिनीला टेकवून पडून राहते, आणि गवत तिला झाकते. तिच्यासाठी कोणतीही रीत नव्हती. तिच्यावरून पावसाचा अंदाज कोणी बांधत नव्हते. लोकांना तिच्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे तिचे मांस रुचकर लागते.

त्या उन्हाळ्यात वळवाचा एक चांगला पाऊस झाला, माळ थोडा हिरवा झाला, आणि गेणबाने इर्जिक बोलावले. ज्याचे काम मोठे, त्याच्या रानात सगळ्यांनी आपापले बैल घेऊन यायचे. मजुरी घ्यायची नाही. काम संपले की मालकाने सगळ्यांना मटणाचे जेवण घालायचे. याला इर्जिक म्हणतात. मला ओढायला सहा बैलजोड्या लागत. गेणबाच्या भावकीत तेवढ्या नव्हत्या. तेव्हा कुशाबाईने माहेरी पळसदेवला निरोप धाडला आणि तिचा भाऊ जयवंता वाटेत मुक्काम करत आपली खिलारी जोडी घेऊन आला.

काम सुरू झाले. माझा फाळ मुरमात शिरला की मुळ्या तुटल्याचा आवाज होई. मला तो आवाज आवडत असे, हे आज सांगताना जीभ अडखळते. पहिल्याच दिवशी उताराला एका उंचवट्यावरून टिटवी ओरडत अंगावर आली. गेणबाने बैल थांबवले, मला उचलले, अंडी मधे ठेवून जागा सोडली. जयवंताने भोवती दगड मांडले. ‘उच्चावर घातल्यात दाजी, औंदा पाऊस झोडपून हाय,’ तो म्हणाला. सगळे खूश झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुशाबाई भाकरी घेऊन आली आणि वाटेतच थबकली. डोक्यावरची पाटी तशीच धरून ती नांगरटीच्या पुढे, माळाच्या मधोमध, गवतात बघत राहिली. मग हळू चालत गेणबाजवळ आली.

‘तितं माळढोकीन बसलीया,’ ती म्हणाली. ‘अंड्यावर. तेवढं रान फोडू नगा.’

‘कशावरनं अंड्यावर?’

‘बैल एवढ्या जवळ आलं, तरी उठंना. मग कशावर बसली असंल?’

गेणबाला हसू आले. ‘टिटवी असती तर ठीक. हिचं काय एवढं?’

कुशाबाईने जयवंताकडे पाहिले. लहानपणी दोघे भावंडे पळसदेवच्या माळावर बोरे वेचायला जात, तेव्हा तिथे या पक्ष्यांचे थवे चरत असत. ते घुमायला लागले की दोघे गवतात पालथे पडून बघत. ‘जयवंता, आपल्याकडं किती उरल्यात?’ तिने विचारले.

‘आता कुठल्या आक्का? तीन-चार सालं झाली, एक बी न्हाय दिसली.’

‘ऐकलं का?’ कुशाबाई नवऱ्याला म्हणाली. ‘माज्या माहेरचं बैल तुमच्या नांगराला लावल्यात. मी काय मागितलं न्हाय. येवढं एक मागती. हिचं पिल्लू उठून चालाय लागंस्तवर तेवढा तुकडा ऱ्हाऊ द्या.’

गेणबा वाईट माणूस नव्हता. उलट, बायकोचे मागणे चारचौघांसमोर मान्य करताना त्याला बरे वाटले. ‘ऱ्हाऊ दे मग,’ तो म्हणाला. ‘टिटवीला सोडली तशी हिला सोडू. हिला जरा मोठी.’ त्याने खरोखरच जागा सोडली. खाटेएवढी नव्हे, खळ्याएवढी. पुढचे दिवस मी त्या तुकड्याला वळसा घालून चाललो. बैलांची भीती नसलेली ती मादी आत पडून राही. माझ्या फाळाने तिचे अंडे फुटले नाही. त्या वेळी मला माझा अभिमान वाटला होता.

माळ सारा फुटला. काल जिथे गवत होते तिथे आता तांबडी ढेकळेच ढेकळे, आणि मधे गवताचा तो एवढासा तुकडा. न्हाव्याने डोके भादरावे आणि मधे शेंडी ठेवावी, तसा तो लांबूनही दिसू लागला. मादीला चरायला तर उठावेच लागे. मग ती ढेकळांवरून चालत पलीकडच्या न फोडलेल्या माळाकडे जाई आणि परत येई. एवढा मोठा पक्षी आणि लपायला एक काडी नाही. जाताना आणि येताना ती साऱ्या शिवाराला दिसे.

हे आधी कोणाच्या ध्यानात आले असेल तर कुशाबाईच्या. तेव्हा नांगरटीचे शेवटचे काही तास अजून बाकी होते. मादीच्या जाण्यायेण्याच्या बाजूला बांधाला लागून गवताची एक पट्टी अजून शाबूत होती. तुकडा आणि पलीकडचा माळ यांना जोडणारी तेवढीच पट्टी उरली होती. कुशाबाई धावत आली आणि बांधाकडे बोट करून म्हणाली, ‘अवो, जागा ठिवली, पर तिला वाट कुठं ठिवली? तेवढी पट्टी ऱ्हाऊ द्या.’

गेणबा दमला होता. माणसे, बैल सगळे दमले होते. ‘कुशे, तुजा हट्ट पुरा केला न्हवं? आता वाट बी पायजे? उद्या म्हनशील, अंगण पायजे,’ तो म्हणाला. सगळे हसले. त्याने बैलांना हाक दिली आणि मी ती पट्टी उलथून टाकली. अंडे फोडले नाही म्हणून मी फुशारकी मारत होतो ना? या पट्टीचे काय सांगू तुम्हाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेब घोड्यावरून आले. शेजारच्या शिवारातले ते मोठे बागाईतदार. नवा नांगर कसा चालतो हे पाहायला ते मुद्दाम आले होते. खांद्याला नेहमीप्रमाणे बंदूक होती. त्यांनी माझ्या फाळावरून हात फिरवला, नांगराच्या तासांची खोली पाहिली आणि गेणबाची पाठ थोपटली. ‘मर्दाचं काम केलंस,’ असे म्हणाले.

एवढे कौतुक गेणबाला पचले नाही. त्याला आणखी हवे झाले. ‘आबासाहेब, ते मदी गवत दिसतंय न्हवं?’ तो म्हणाला. ‘तितं माळढोकीन अंड्यावर हाय. आमी नांगर घातला न्हाय. पाखराला जागा ठिवली.’

‘मोठ्या मनाचा हायस,’ आबासाहेब म्हणाले, आणि ते खरेच मनापासून म्हणाले. मग त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिले. मादी नुकतीच तुकड्यातून बाहेर पडून ढेकळांवरून चालली होती. त्यांनी खांद्यावरची बंदूक काढली.

‘आबासाहेब, ती...’ गेणबा म्हणाला. आवाज झाला आणि बैल बिथरले.

आबासाहेबांनी ते धूड स्वतः नेले नाही. ‘तुज्या रानातलं हाय. तुज्याच इर्जिकीला लागंल,’ असे म्हणून त्यांनी ते गेणबाच्या स्वाधीन केले आणि घोडा वळवला. त्यांना वाटले, आपण मोठे औदार्य केले. गेणबानेही हात जोडले. तेव्हा नाही म्हणायची हिंमत त्याच्यात नव्हती.

दुपारी बांधावरच्या लिंबाखाली पंगत बसली. मी तिथेच उभा होतो, माती लागलेला. कुशाबाईने ते मांस शिजवले. बैल घेऊन आलेल्या माणसांना उपाशी कसे पाठवायचे? तिने सगळ्यांना पोटभर वाढले. लोक बोटे चाटत जेवले. जयवंताने मात्र ताटाला हात लावला नाही. चटणीभाकरी खाऊन तो बैलांकडे गेला. गेणबापुढे ताट आले तेव्हा तो त्याकडे बघत बसला.

‘जेवा की,’ कुशाबाई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. ‘टिटवीचं तुमाला भ्या वाटतं, म्हनून टिटवी वाचती. हिचं भ्या कुनाला बी न्हाय.’

पंगतीतले एक-दोघे खाली बघू लागले. गेणबा ताटावरून उठला. जेवणाच्या पानावरून यजमानाने उठणे ही आमच्याकडे फार लाजिरवाणी गोष्ट. पण त्याहून मोठी लाज त्याच्या पोटात होती.

तो सरळ गवताच्या तुकड्यात गेला. अंडे तिथेच होते, कोंबडीच्या अंड्याहून पुष्कळ मोठे, मातकट हिरवे, अजून उन्हाने कोमट. घरात खुडूक कोंबडी नव्हती. शेजारी द्यावे तर अंडे कोणाच्या पोटात जाईल, याची खात्री नव्हती. गेणबाने डोक्याचा पटका सोडला, त्यात अंडे घेतले आणि उताराकडे निघाला. तिथे जयवंताच्या दगडांमधे टिटवी बसली होती. तिने आकांत मांडला, त्याच्या उघड्या डोक्यावर झेपा घातल्या. त्याने तिची चार अंडी जराशी सरकवली आणि पाचवे त्यांच्यात ठेवले. मग बांधावर येऊन बसला. कुशाबाई बाजूला उभी होती. ती घरी गेली नाही.

बऱ्याच वेळाने टिटवी खाली उतरली. तिने त्या मोठ्या अंड्याकडे मान वाकडी करून पाहिले आणि पिसे फुलवून सगळ्यांवर बसली. गेणबाने त्या दिवशी पहिल्यांदा बायकोकडे पाहिले.

त्यानंतर तो रोज सकाळी तिथे येऊ लागला. येताना पाण्याचा तांब्या आणत असे आणि गारव्यासाठी जवळच्या ढेकळांवर शिंपडत असे. टिटवीला तो लांबूनच ‘बस बाई, बस’ असे म्हणे. मला हसू येई आणि रडूही. बारा बैलांना हाकणारा माणूस एका टिटवीपुढे हात जोडत होता.

रोहिणी नक्षत्र संपता संपता टिटवीची चारही पिल्ले फुटली. टिटवीची पिल्ले घरट्यात राहत नाहीत. अंग वाळले की ती लगेच चालू लागतात. आईने एकदा हाक दिली आणि ती कापसाच्या बोंडाएवढी पिल्ले तिच्यामागे ढेकळांतून तुरुतुरु निघाली, खालच्या ओलीकडे. टिटवीला वाट ठेवावी लागत नाही. नांगरलेले रान असो की खडी, ती आपली वाट करून घेते. तिने मागे वळून पाहिले नाही. तिची पोरे चालली होती. तिचे काय चुकले?

ते एक अंडे मागे राहिले. गेणबाने ते उचलून कानाला लावले, बराच वेळ धरून ठेवले. मग जिथून आणले होते त्या गवतात नेऊन ठेवले. त्या रानात पुढे चारीचे पाणी आले, ऊस माणसाच्या डोक्यावर गेला, गेणबाला लोक बागाईतदार म्हणू लागले. पण कोणी मला हात लावून ‘माळ फोडणारा नांगर’ म्हटले की तो तिथून उठून जाई. तो तुकडा त्याने जिवंत असेपर्यंत नांगरला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर कुशाबाई बांधावर उभी राहून पलीकडे बघे. पलीकडे तोवर शेजाऱ्यांचा ऊस झाला होता. तिथेही माझ्यासारखेच नांगर चालले होते. गेणबाच्या तुकड्यात दर वर्षी टिटवी अंडी घाली. माळढोक पुन्हा आला नाही.

पुढे ट्रॅक्टर आले आणि मी गोठ्यामागे पडलो. माझ्यावर कोंबड्या बसत. खरे सांगू, ते दिवस मला बरे वाटत होते. गंजणाऱ्या नांगराची कोणी स्तुती करत नाही. पण मोहनरावांनी बंगला बांधला आणि मला शोधून काढले. बंगल्यापुढे चौथऱ्यासाठी त्यांना एक तुकडा मोकळाच सापडला. तिथे कधी ऊस लावलेला नव्हता. का लावला नव्हता, हे सांगणारे कोणी घरात उरलेले नाही. मित्रांनो, मी त्याच तुकड्यावर उभा आहे. तुमच्या पायाखालची ती खडी त्या गवतावर टाकली आहे.

मघाशी तुमच्या बाई तुम्हाला सांगत होत्या, टिटवी जगात अजून पुष्कळ आहे, तिची काळजी करण्यासारखी स्थिती नाही. आणि माळढोक मात्र नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे; साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आसपासच उरले असतील, तेही बहुतेक राजस्थानात. आता त्याला मारणे हा मोठा गुन्हा आहे. तुमच्यातल्या एका मुलीने विचारले, ‘मग त्यांच्यासाठी पण दगड मांडायचे का?’

त्या मुलीला मला सांगायचे आहे. बाळ, दगड मांडलेस ते चांगलेच केलेस. टिटवीला तेवढे पुरते. पण प्रत्येकाला तेवढे पुरत नाही. कोणाला खाटेएवढी जागा लागते, आणि कोणाला सगळा माळ लागतो. एखाद्याला वाचवायचे असेल तर तो बसतो कुठे एवढेच पाहू नका. तो चालतो कुठून, चरतो कुठे, लपतो कशात, हेही पाहा. आणि ज्याची भीती वाटत नाही, जो ओरडत नाही, ज्याच्यापासून आपल्याला पावसाचा अंदाजसुद्धा मिळत नाही, त्याचीही आठवण ठेवा. त्याच्यासाठी जागा सोडलीत, तर ती कोणाला दाखवून मिरवू नका.

आता तो हार काढा आणि टिटवीच्या दगडांपासून जरा लांब व्हा. ती केव्हाची ओरडते आहे. आणि जाताना एकदा त्या बाजूला बघून जा, जिथे फाटक आणि डांबरी रस्ता आहे. तिकडेच बोट करून कुशाबाई उभी होती. ती पट्टी सोडायला मला एक वळण घ्यावे लागले असते, एवढेच.